दाताखाली आवाज

बिस्कीट कसं असावं याबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि या वयात ती बदलायचा माझा विचार नाही. कड कुरकुरीत हवी, मधला भाग किंचित नरम हवा, आणि मोडताना ते एकदम तुटू नये, जरासं रेंगाळून तुटावं. माझी सून इथे बडोद्यात गोत्री भागातल्या एका नव्या दुकानातून कुकीज आणते, बशीएवढ्या मोठ्या आणि सगळीकडून लिबलिबीत. पहिल्यांदा आणल्या तेव्हा मी तिला म्हटलं, "अगं, ह्या कच्च्याच राहिल्यात, परत दे त्यांना." ती हसून म्हणाली, "आई, त्या अशाच असतात. तशा असाव्या म्हणूनच लोक जास्त पैसे देतात." मी गप्प बसले, पण खाल्ली नाही. नातू मात्र दोन खातो आणि वर बोटं चाटतो. खाऊ दे. प्रत्येकाचं आपापलं बिस्कीट असतं, हे मला फार लहानपणी कळलं आहे, आणि ते कसं कळलं तेच इथे लिहून ठेवायचं आहे.

तेव्हा आम्ही छाणीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. घरात चार माणसं. नाना म्हणजे माझे वडील, आई, मी आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटी नली. नाना मूळचे जळगावकडचे, नोकरीसाठी इकडे आलेले. नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते. आईचं माहेर बडोद्यातच, मांडवीजवळ. तिचे वडील आणि त्यांचेही वडील सरकारवाड्यात कारकून, त्यामुळे आईला स्वतःच्या जिभेचा मोठा अभिमान होता. तिच्या माहेरी नानकटाई कशी असायची हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ती स्वप्नात दिसायची. "ओठांनी मोडली पाहिजे," आई म्हणायची. "दातांना कळायच्या आत संपली पाहिजे. दात लावावे लागले तर ती भाकरीच झाली ने!"

हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. त्या काळी बिस्किटं विकत आणायची नसत, करून आणायची असत. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, सगळं घरून मापून न्यायचं, भट्टीवर नेऊन द्यायचं, भट्टीवाला आपल्यासमोर मळून, आपल्यासमोर थापून, भाजून देणार. घरातलं कुणीतरी तिथे बसून राहायचंच, कारण आपल्या तुपाच्या जागी दुसऱ्याचं तूप आलं तर काय घ्या. आमच्या भागात कासमभाईंची भट्टी होती. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तिथे दाराबाहेर डब्यांची रांग लागायची. ट्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली असे. कुणी बिस्किटावर एक लवंग टोचायचं, कुणी पिस्त्याचा तुकडा लावायचं. आईच्या नानकटाईवर मधोमध बोटाने दाबलेली खळी आणि खळीत एक चारोळी. कासमभाईंना सगळ्या घरांच्या खुणा पाठ होत्या. नाव विसरायचे, खूण नाही. मला ते गुजरातीत "चारोळीवाळी" म्हणत.

आणि भट्टीवरून परतल्यावर आमच्या घरात जो सोहळा व्हायचा तो मला सगळ्यात आवडायचा. नाना हात धुऊन पाटावर बसायचे. आई बशीत एक नानकटाई ठेवायची, एकच. नाना ती उचलून नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि न खाता सांगायचे, "जायफळ. वेलदोडा, पण तो जुना आहे. तूप शेवटी जरा जास्त कढलं." आई खोट्या रागाने म्हणायची, "माणूस आहात की मांजर?" पण तिचा चेहरा असा काही उजळायचा की विचारू नका. नानांचं नाक कारखान्यातही प्रसिद्ध होतं. कुठे पाइप गळला, झडपेतून ग्यास सुटू लागला, की यंत्राच्या आधी नानांना कळायचं म्हणे. सगळे त्यांना "नाकवाळा नाना" म्हणायचे, आणि ते ऐकताना नानांची छाती जरा पुढे यायची.

मग कधीतरी, नेमकं कधी ते मला आता आठवत नाही, हे बंद झालं. नाना नानकटाई उचलायचे आणि सरळ तोंडात टाकायचे. आई वाट बघत उभी असायची. "छान आहे," ते म्हणायचे. बस. एके दिवशी म्हणाले, "मला जरा कडक करून आणत जा ना. हे तोंडात टाकलं की गेलं, काही कळतच नाही. दाताखाली आवाज आला पाहिजे."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी तिच्या माहेरचा सातबारा फाडून टाकला होता. पुढच्या खेपेपासून तिने दोन वेगळी पिठं बांधून नेली. एक तिचं, भरपूर तुपाचं. दुसरं नानांसाठी, कमी तुपाचं, जे एकदा भाजून, कापून, पुन्हा भट्टीत घालून खडखडीत करायचं. नानांच्या बिस्किटांवर खूण म्हणून काट्याने ओढलेल्या तीन रेघा. नाना ती चहात बुडवायचेही नाहीत, तशीच कडाकड चावायचे, आणि आई स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटायची. "माझ्या हाताची चव गेली म्हणा, म्हणजे सुटले," ती एकदा म्हणाली. नाना चावतच राहिले. भाजीत मीठ कमी आहे की जास्त एवढंच सांगायचे, बाकी फोडणीची हिंग-मोहरी, कोथिंबीर, आंब्याचा रस, कशावरही शब्द नाही. आईला वाटायचं, नवऱ्याचं आपल्यावरचं मन उडालं. तिने तसं कधी आम्हाला सांगितलं नाही, पण ती मावशीशी बोलताना मी ऐकलं होतं. "वीस वर्षं झाली की माणसाला जेवण नुसतं पोटात ढकलायचं असतं गं," असं म्हणून ती डोळे पुसत होती. मला तेव्हा नानांचा भयंकर राग आला.

मी नववीत होते त्या दिवाळीत आईने मला पहिल्यांदा एकटीला भट्टीवर पाठवलं. तिला स्वतःला मांडवीला जायचं होतं, आजोबांना बरं नव्हतं. पिठं तिने मापून दिली, तूप फेसून पांढरंशुभ्र करून दिलं, आणि दहादा बजावलं की गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. नेहमीचा डबा नव्या तांदळाने भरलेला होता. म्हणून मी माळ्यावरचा दुसरा चौकोनी डबा काढला. जुन्या डब्याचं वरचं तोंड कापून नानांनी त्याला कडीचं झाकण बसवून घेतलं होतं. मी तो राखेने घासला, उन्हात वाळवला, हुंगून पाहिला. कसलाच वास नव्हता.

भट्टीवर तीन तास बसले. नानांची बिस्किटं आधी झाली, ती मी डब्याच्या तळाशी रचली, वर वर्तमानपत्र घातलं. मग आईची नानकटाई आली, गरम, खळीतली चारोळी तांबूस झालेली. आता इथे माझं स्वतःचं मत आडवं आलं. मला ना आईची भुसभुशीत आवडायची, ना नानांची दगडी. मला हवी होती ती भट्टीतून नुकती निघालेली, मध्ये नरम. मला माहीत होतं की गरमागरम डब्यात घालून झाकण लावलं तर वाफेने ती मऊ राहते. घरातल्या दोघांचंही मन राखता राखता माझं कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा मी गरम नानकटाई भरली आणि झाकण घट्ट दाबलं. गार होऊ दे म्हणून कासमभाईंनी टोकलं, "अरे चारोळीवाळी, ठंडी थवा दे ने." मी म्हटलं, "चालशे, काका," आणि डबा सायकलच्या कॅरिअरला बांधला.

घरी पोचले तेव्हा नाना पहिल्या पाळीहून नुकतेच आले होते. आई परतली नव्हती, नली बाहेर लंगडी खेळत होती. मी चहा टाकला आणि डबा उघडला. रॉकेल! असा भपकारा आला की मी मागे सरले. डबा कधीकाळी रॉकेलचा होता, आणि सांध्यात मुरलेला सगळा वास त्या वाफेने बाहेर काढून बिस्किटांत भरला होता. आईने महिनाभर लोणी साठवून कढवलेलं तूप, दिवाळीची सगळी बिस्किटं, सगळं गेलं. मी काही बोलायच्या आत नानांनी वर्तमानपत्राखाली हात घालून आपली तीन रेघांची दोन बिस्किटं काढलीही होती.

मी बघत राहिले. त्यांनी एक चावलं. चावून गिळलं. दुसरं चावलं. आणखी दोन घेतली. मग जरा विचार करून म्हणाले, "छान झालीत. पण या खेपेला आवाज कमी आहे."

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, नाना मला वाचवताहेत. आई रागावेल म्हणून रॉकेल गिळताहेत, देवमाणूस आहेत, आणि मी त्यांच्यावर रागावले होते. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात नली धावत आली, तिने एक नानकटाई तोंडात कोंबली आणि दारात जाऊन थुंकली. "शी! ग्यासलेट!" ती ओरडली. आम्ही मुली रॉकेलला शेजारच्यांसारखं ग्यासलेटच म्हणायचो. नानांनी नलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. आणि घाईने म्हणाले, "हो ना, जरा वास येतोय खरा." ते "हो ना" ऐकून मला आतून काहीतरी गार लागलं. कारण हातातलं पाचवं बिस्कीट त्यांनी त्यानंतर खाली ठेवलं, आधी नाही.

आई आली ती दारातूनच नाकाला पदर लावून. मला जे बोलायचं ते बोलली, ते सगळं माझ्या हक्काचं होतं. मग तिची नजर बशीतल्या चुऱ्याकडे गेली. "हे कुणी खाल्लं?"

"नानांनी," नली म्हणाली. "चार खाल्ली!"

"चार?" आईचा आवाज चढला. "म्हणजे माझी नानकटाई आणि रॉकेल तुम्हाला सारखंच? एवढं झालंय का आता?" ती बोलत होती आणि बोलता बोलता थांबली. नाना खाली मान घालून बसले होते, चूक पकडलेल्या पोरासारखे. आईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग फळीवरची हिंगाची डबी काढली आणि त्यांच्यासमोर बसली.

"डोळे मिटा."

"अगं, पोरींसमोर काय हे."

"मिटा म्हणते ने."

नानांनी डोळे मिटले. आईने डबीचं झाकण काढून ती त्यांच्या नाकाशी धरली. तो हिंग असा होता की डबी उघडली की शेजारचे विचारायचे, आज आमटी का? नाना श्वास घेत राहिले. एकदा, दोनदा. कपाळाला आठ्या पडल्या.

"वेलदोडा," ते म्हणाले.

नली खुदकन हसली आणि आईचा चेहरा बघून गप्प झाली. आईने डबी खाली ठेवली. "कधीपासून?" तिने विचारलं. तिचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

दोन वर्षं झाली होती. एकदा कारखान्यात वाफारा लागून आठवडाभर नाक चोंदलं, ते परत उघडलंच नाही. आधी वाटलं सर्दी आहे. मग कळलं, आणि सांगायची हिंमत झाली नाही. "मला तिथे ठेवलंय ते नाकासाठी," नाना म्हणाले. "नाकवाळा नाना. कळलं तर प्लांटवरून काढतील. कदाचित नोकरीवरूनच." दुसऱ्यांनी तोंडाला रुमाल लावला की तेही लावायचे. दुसरे पळाले की तेही पळायचे. "आणि एकटे असाल तर?" आईने विचारलं. नाना म्हणाले, "गेल्या महिन्यात डोळे चुरचुरायला लागले तेव्हा समजलं. मी झडपेच्या अगदी शेजारी उभा होतो." हे त्यांनी भाजी आणायची राहिली असं सांगावं तसं सांगितलं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की नाना रोज सकाळी डबा घेऊन निघतात तेव्हा ते परत येतीलच असं नसतं.

"जेवणाला काहीच चव नाही?" आईने विचारलं.

"गोड, खारट, आंबट, तिखट कळतं. पण तुझं काही कळत नाही. तुझी आमटी आणि कँटीनची आमटी सारखीच. म्हणून म्हटलं, निदान आवाज तरी यावा. खाल्ल्यासारखं वाटतं."

आईने पदर तोंडाला लावला आणि रडली. दुःखाने रडली हे तर खरंच, पण आज मी सांगते, त्यात थोडी सुटकाही होती. दोन वर्षं जी बाई नवऱ्याचं मन उडालं म्हणून झुरत होती, तिला कळलं होतं की मन कुठेच गेलेलं नाही. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्या जाऊन साहेबाला सांगायचं."

"आणि काढलं तर?"

"काढू दे. मला तुम्ही संध्याकाळी घरी यायला हवेत. तुमच्या नाकाशी नाही लग्न केलं मी."

नाना गेले आणि त्यांनी सांगितलं. काढलं नाही, पण प्लांटवरून हलवून स्टोअरमध्ये बसवलं, नटबोल्ट आणि हातमोज्यांच्या फळ्यांमध्ये. लिहायला दोन ओळी लागल्या, पण नानांना ते पचवायला वर्ष लागलं. ज्यांना त्यांनी शिकवलं ती माणसं खिडकीशी येऊन हातमोजे मागायची. "नाकवाळा" कुणी म्हणेनासं झालं. ते घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचे, आणि मी माझ्या त्या एका दाबलेल्या झाकणाला दोष देत बसायचे. मी एकदा आईला म्हटलंही, "मी झाकण लावलं नसतं तर..." आई म्हणाली, "तर मी अजून भांडी आपटत असते, आणि तो माणूस झडपेपाशी उभा असता. गप बस."

त्या दिवाळीचं वाया गेलेलं पुन्हा करायला लोणी नव्हतं. थोडं उसनं, थोडं मावशीचं करत आईने महिन्याभराने एकच पीठ बांधलं आणि स्वतः भट्टीवर निघाली. मी बरोबर होते. कासमभाईंनी नेहमीसारखं दोन्ही जातींचं विचारलं, "बेन, बे जातनी ने? चारोळी ने रेघा?"

"ना भाई, एकज. बधी कडक," सगळीच कडक करायला सांगत आई म्हणाली.

कासमभाईंनी हातातलं पीठ तसंच ठेवलं. इतकी वर्षं ओठांनी मोडणारी नानकटाई मागणारी बाई. "कडक? तमे?"

"हा भाई. अवाज आववो जोईए." नानांचंच वाक्य, गुजरातीत.

त्या दिवशी संध्याकाळी नाना पाटावर बसले. आईने बशीत एकच बिस्कीट ठेवलं, पूर्वीसारखं. त्यावर तीन रेघाही होत्या आणि मधोमध चारोळीही. ते उचलायला गेले तर तिने त्यांचा हात धरला. "थांबा." तिने ते बिस्कीट स्वतःच्या नाकाशी धरलं, डोळे मिटले. "जायफळ," ती म्हणाली. "मग वेलदोडा, या खेपेचा ताजा आहे. तूप घरचं नाही, मावशीचं आहे, जरा आंबूस. आणि कड भाजलीय तिथे खमंग, पावसाळ्यात मक्याचं कणीस भाजतात ने, तसं." मग तिने ते त्यांच्या हातात दिलं. नानांनी चावलं. कडाक आवाज आला, मला दारापर्यंत ऐकू आला. ते सावकाश चावत राहिले, आणि चावता चावता त्यांचे डोळे मिटले. "आवाज?" आईने विचारलं. "आला," नाना म्हणाले. नलीने टाळ्या पिटल्या.

त्यानंतर आमच्या घरात पान वाढलं की आई आधी वास सांगायची आणि मग नाना जेवायचे. आमटी, खिचडी, आंबा, आईच्या गजऱ्यातला मोगरासुद्धा. बाहेरच्यांना ते विचित्र वाटायचं. आई पुढे तीसेक वर्षं कडकच बिस्किटं खात राहिली. दात हलायला लागल्यावर चहात बुडवून खायची, पण करायची कडकच. ओठांनी मोडणारी नानकटाई तिने पुन्हा केली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "एवढी काय मोठी गोष्ट आहे? सवय होते."

आई आधी गेली. नाना तिच्यानंतर दोन वर्षं माझ्याकडे होते. पहिल्या दिवाळीला मी भट्टीवर गेले. कासमभाई नव्हते, त्यांचा मुलगा होता, पण त्यालाही रेघा आणि चारोळी ठाऊक होती. घरी येऊन मी एक बिस्कीट बशीत ठेवलं आणि नानांसमोर बसले. त्यांचे दात कधीच गेले होते, कवळी होती, तरी ते थांबले होते. हात पुढे केला नव्हता. मी बिस्कीट हुंगलं. "वेलदोडा आहे नाना," मी म्हटलं. "जायफळ आहे. तूप घरचं."

नानांनी मान हलवली. "तुझी आई जायफळ आधी सांगायची," ते म्हणाले.

मी बिस्कीट पुन्हा नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सांगितलं. जायफळ. मग वेलदोडा. मग तूप. मग त्यांनी हात पुढे केला.